नकाराचीही पोच मिळाली पाहिजे

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, अलिबाग यांपैकी कोणत्याही शहरात तहसील कार्यालयासमोरून चक्कर मारली, तर गेल्या दहा-पंधरा वर्षांत तिथे एक नवा धंदा रुजल्याचे दिसते. पूर्वी तिथे मुद्रांक विक्रेते, अर्ज लिहून देणारे आणि चहाची टपरी एवढेच असे. आता ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ अशा पाट्या लावलेली दुकाने ओळीने उभी आहेत. उत्पन्नाचा दाखला, वय-अधिवास, नॉन क्रीमीलेअर, रेशनकार्डात नाव चढवणे, लाडकी बहीण, शेतकरी सन्मान निधीची ई-केवायसी अशा कामांसाठी सकाळपासून तिथे माणसे बसलेली असतात. कार्यालयातील रांग कमी झाली हे खरे आहे आणि ती रस्ता ओलांडून या दुकानांत गेली हेही तितकेच खरे आहे. सरकारी भाषेत या बदलाला ‘घरबसल्या सेवा’ म्हणतात. या सेवांनी कोकणातील माणसाचे बरेच हेलपाटे वाचवले, याबद्दल मला शंका नाही. माझा आक्षेप एकाच जागी आहे. यंत्र ज्याला ‘नाही’ म्हणते, त्याच्या हातात त्या नकाराचा कोणताही पुरावा राहत नाही, आणि पुरावा नसल्यामुळे २०१५ मध्ये कायद्याने दिलेला दाद मागण्याचा हक्क त्याच्यापुरता निकामी होतो.

आधी जे मिळाले त्याची नोंद करायला हवी, कारण ते थोडे नाही. सातबाऱ्याचेच उदाहरण घ्या. कोकणात जमिनीचे तुकडे लहान, आजोबा-पणजोबांच्या नावाखाली वीस-पंचवीस वारस सामायिक खातेदार म्हणून लागलेले आणि त्यांतील निम्मे मुंबई-ठाण्यात. एका उताऱ्यासाठी चाकरमान्याने रजा टाकून गावी यावे, तलाठी कार्यालयाला कुलूप असावे आणि ‘आप्पा फिरतीवर गेलेत’ हे उत्तर ऐकून त्याने परत फिरावे, हा प्रकार सर्वांच्या परिचयाचा होता. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला आणि पंधरा रुपयांत डोंबिवलीच्या खोलीत बसून गावच्या हिश्श्याची नोंद पाहता येऊ लागली. कुळाच्या किंवा इतर अधिकाराच्या रकान्यात परस्पर काही चढले आहे का, हे पाहायला आता कोणाची मनधरणी करावी लागत नाही. यूपीआय २०१६ मध्ये आले, आणि आज मासळी बाजारात पाटीवर बसलेल्या कोळणीच्या शेजारी क्यूआर कोड टांगलेला असतो. सुट्ट्या पैशांवरून होणारी घासाघीस त्याने कमी केली. भावावरची मात्र कोणतेही ॲप कमी करू शकणार नाही.

याच काळात काही रांगा नाहीशा न होता फक्त दिसेनाशा झाल्या. गणपतीला गावी जाणाऱ्या गाड्यांचे आरक्षण पूर्वी खिडकीवर रात्र काढून मिळवावे लागे. आता ते मोबाइलवर काही मिनिटांत संपते. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आणि जुलै २०२५ पासून तत्काळ तिकिटांना आधार पडताळणी लागू झाली. हे उपाय दलालांना आवर घालण्याच्या दृष्टीने योग्यच आहेत. पण खिडकीवरची रांग डोळ्यांना दिसत होती. मध्ये घुसणाऱ्याला हटकता येत होते, गोंधळ झाला तर खिडकीमागच्या माणसाला जाब विचारता येत होता. पडद्यावरचे चक्र फिरत राहते तेव्हा आपला क्रमांक कितवा होता आणि आपल्या आधी कोण गेले, हे कळायला मार्ग नाही. सार्वजनिक सेवांचे नेमके हेच झाले आहे.

इथे कोकणची लोकसंख्या लक्षात घ्यावी लागते, कारण पुण्या-मुंबईसाठी आखलेली व्यवस्था तिथेच अडखळते. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, आणि रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा घटली होती. कमावते पुरुष बाहेर आणि घरी स्त्रिया व म्हातारी माणसे, असा त्याचा सरळ अर्थ आहे. सरकारी सेवा घेणारी व्यक्ती गावात असते, पण तिच्या आधारला किंवा बँक खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक विरार-नालासोपाऱ्यातल्या मुलाचा असतो. चिपळूणच्या दुकानात आई बसलेली, पडद्यावर ओटीपी मागितला जातो, मुलगा गर्दीच्या लोकलमध्ये, फोन खिशात. त्याने तो काढून आकडे कळवेपर्यंत मुदत संपते. दोन-तीनदा असे झाले की दुकानदार पुढच्या माणसाला बोलावतो. यात दोष ना आईचा, ना मुलाचा, ना दुकानदाराचा. आणि ज्या कार्यालयाची ती सेवा आहे, त्याला असे काही घडल्याचा पत्ताच नसतो.

या दुकानदाराविषयी थोडे बोलले पाहिजे. बारावी किंवा पदवी झालेला, संगणकाचा एखादा अभ्यासक्रम केलेला हा तरुण आज प्रत्यक्षात राज्यकारभाराचा पहिला टेबल आहे. कोणत्या योजनेला कोणता कागद लागतो, संकेतस्थळ किती वाजता ‘हलके’ चालते, फोटो किती केबीचा हवा, हे त्याला एखाद्या अव्वल कारकुनापेक्षा चांगले ठाऊक असते. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांच्या अर्जात तो बऱ्याचदा स्वतःचा क्रमांक आणि स्वतःचा ईमेल टाकतो, कारण रकाना मोकळा सोडला तर अर्ज पुढे सरकत नाही. गिऱ्हाइकांचे पासवर्ड तो दोनशेपानी वहीत लिहून ठेवतो, कारण पुढच्या वर्षी ती माणसे पासवर्ड विसरून त्याच्याकडेच येणार असतात. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नागरिकाच्या संमतीला मोठे स्थान आहे. कोकणातील असंख्य वृद्धांची संमती त्या वहीत आहे, आणि ती वही गल्ल्याशेजारच्या खणात आहे. या मुलांना दलाल म्हणणे अन्यायाचे होईल. सरकारने आपल्या अंगावरचे काम त्यांच्याकडे सरकवले. त्याबरोबरची जबाबदारी मात्र कोणाकडेच दिली नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हा नागरिकाच्या बाजूने केलेला चांगला कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे, असे तो सांगतो. प्रत्येक सेवेला पदनिर्देशित अधिकारी, म्हणजे ती सेवा देण्यास जबाबदार अधिकारी, ठरलेला असतो, त्याच्यावर प्रथम आणि द्वितीय अपील प्राधिकारी असतात आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे जाता येते. अर्ज फेटाळला तर कारणे लेखी द्यावी लागतात. पुरेशा कारणाशिवाय सेवा न दिल्यास अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. कागदावर याहून अधिक काय मागावे? पण या सगळ्या रचनेची सुरुवात एका छोट्या गोष्टीपासून होते, ती म्हणजे अर्ज मिळाल्याची पोच. मुदत मोजायची ती तिथून, विलंब ठरवायचा तो तिथून आणि अपिलाला आधार तोही तोच.

आजचे बहुतेक अडथळे त्या पोचेच्या अलीकडे उभे असतात. सर्व्हर बंद, ओटीपी आला नाही, नाव जुळत नाही, अंगठा जुळत नाही, ‘कृपया काही वेळाने पुन्हा प्रयत्न करा’. अशा वेळी अर्ज दाखलच होत नाही, म्हणून पोच नाही. पोच नाही म्हणून मुदत सुरू होत नाही. मुदत नाही म्हणून विलंब नाही आणि विलंब नाही म्हणून अपीलही नाही. पूर्वीचा कारकून अर्ज घ्यायला टाळाटाळ करत असे, तेव्हा माणूस निदान आवक-जावक विभागात जाऊन शिक्का मागू शकत होता, रजिस्टर पोस्टाने अर्ज धाडू शकत होता, साहेबांच्या दालनात जाऊन तक्रार करू शकत होता. पडद्याकडून शिक्का मागता येत नाही. परिणामी विभागाच्या आकडेवारीत आलेले अर्ज आणि वेळेत निकाली काढलेले अर्ज यांचे प्रमाण उत्तम दिसते, कारण जे आत येऊच शकले नाहीत त्यांची गणती कुठेच नसते.

हे शिधावाटपाच्या दुकानात सर्वांत स्पष्ट दिसते. कुडाळ तालुक्यातल्या एका गावात काजू कारखान्यात काम करणाऱ्या एक बाई धान्य न्यायला आल्या होत्या. काजूच्या टरफलातल्या तेलाने बोटांची कातडी सोलून निघते हे त्या भागात सर्वांना ठाऊक आहे. चिरेखाणीत राबणाऱ्यांची बोटेही अशीच गुळगुळीत होतात. बाईंनी अंगठा पदराला पुसला, ठेवला, डोक्यावरच्या केसांवरून फिरवला, ठेवला, दुकानदार म्हणाला, “आये, अंगठो घेणा नाय, दुसरा बोट ठेव.” तेही यंत्राने घेतले नाही. “उद्या सकाळी ये, नेटवर्क बरा असता,” असे त्याने समजुतीने सांगितले आणि बाई रिकामी पिशवी घेऊन निघाल्या. दुकानदार त्यांना लग्न होऊन गावात आल्यापासून ओळखत होता. त्या फेरीची कुठेही नोंद झाली नाही, आणि महिनाअखेरपर्यंत जमले नाही तर कागदोपत्री एवढेच दिसणार की या कार्डधारकाने धान्याची उचल केली नाही.

नियम या बाईंच्या विरुद्ध नाहीत, ही यातली चीड आणणारी गोष्ट आहे. बुबुळांवरून किंवा ओटीपीवरून ओळख पटवता येते. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाने, पडताळणी फसली म्हणून कोणालाही लाभ नाकारला जाणार नाही, या सरकारच्या ग्वाहीची नोंद घेतलेली आहे. पण त्या दिवशी आपल्याला नाकारले गेले, हे सिद्ध करायला बाईंकडे काय आहे?

नावांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. कोकणात लग्नानंतर आडनावाबरोबर स्त्रीचे नावही बदलण्याची रीत होती. त्यामुळे वडिलांच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून एक नाव, सासरच्या रेशनकार्डावर दुसरे आणि बँकेत लाडाचे तिसरे, असे सहज आढळते. जुन्या महसुली नोंदींत आडनावाशिवाय नुसते ‘बाबाजी विठोबा’ असे खातेदार आहेत. त्यात रोमन लिपीची भर पडते: आधारवर ‘डब्ल्यू’ने लिहिलेले सावंत बँकेत ‘व्ही’ने लिहिलेले असतात, आणि संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी माणसे होतात. गावातला पोलीसपाटील किंवा तलाठी हा गुंता दोन वाक्यांत सोडवू शकतो. संकेतस्थळावर त्या दोन वाक्यांसाठी रकाना नाही.

हाच नकार वेगळ्या रूपात आंबा बागायतदारांच्या वाट्याला येतो. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत नुकसान झाले की नाही, हे बागेत जाऊन पाहिले जात नाही. महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राने नोंदवलेले तापमान, पाऊस किंवा वारा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की नाही, यावर भरपाई ठरते. कल्पना चांगली आहे, कारण पंचनाम्यातील वशिलेबाजी तिने टळते. पण देवगड किंवा राजापूर तालुक्यात सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, बाग आणि खाडीकाठची बाग यांची हवा सारखी नसते, हे तिथल्या गुराख्यालाही माहीत आहे. मोहोर ज्याच्या डोळ्यांदेखत करपला त्याला ‘केंद्राची नोंद मर्यादेत होती’ असे सांगितले जाते, आणि ती नोंद कोणत्या जागेवरची, यंत्राची शेवटची तपासणी कधी झाली, हे विचारायला त्याने कुठे जावे याचे उत्तर मिळत नाही.

यावर एक आक्षेप येणारच आणि तो हलका नाही. माणसाच्या हातात निर्णय होता तेव्हा तो टेबलाखालून विकला जात होता. यंत्राने ती सवय मोडली. पुन्हा माणूस आणला की पुन्हा चिरीमिरी सुरू होईल. कारकुनाच्या लहरीचा अनुभव घेतलेल्या कोणालाही हे पटेल, मलाही पटते. म्हणूनच निर्णय पुन्हा माणसाच्या मर्जीवर सोडावा, असे मी म्हणत नाही. यंत्राने नाही म्हटले तर ते कोणाच्या वतीने म्हटले, हे लिहून मिळावे एवढीच मागणी आहे. चिरीमिरी अंधारात चालते. लेखी नकार सर्वांना वाचता येतो, त्यामुळे तो तिला सोयीचा नाही. शिवाय आजच्या व्यवस्थेत मधल्या दुकानांचे वरचे पैसे कोणत्याही हिशेबात दिसत नाहीत, तेव्हा भ्रष्टाचार संपल्याचा दावाही थोडा सबुरीने केलेला बरा.

कोकणाला याचे एक जुने आणि चांगले उदाहरण माहीत आहे. हा प्रदेश अनेक दशके मनीऑर्डरवर जगला. मुंबईच्या गिरणीतून निघालेले पैसे खाडी, होडी, घाटी ओलांडून पोस्टमन घरपोच करत असे, आणि घेणारी म्हातारी निरक्षर असेल तर फॉर्मवर तिचा अंगठा घेऊन शेजारी साक्षीदाराची सही घेत असे. अंगठा तेव्हाही होता. तो पुसट उठला म्हणून पैसे परत गेले नाहीत, कारण ही बाई तीच आहे असे सही करून सांगणारा माणूस त्या कागदावर हजर होता आणि खोटी सही केली तर तो सापडणार होता. २०१८ मध्ये सुरू झालेल्या इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमुळे तोच पोस्टमन आज यंत्र घेऊन दारात येतो व आधारवरून खात्यातले पैसे देतो. तंत्रज्ञान माणसाच्या हातात देऊन त्याला दारापर्यंत पाठवता येते, हे सिद्ध करायला नव्या प्रयोगाची गरज नाही. साक्षीदाराच्या सहीची तरतूद मात्र नव्या यंत्रात आणायची राहून गेली.

आपत्तीच्या काळात या उणिवेची किंमत वाढते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातील अनेक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती आणि मोबाइलचे मनोरे मुके होते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीने चिपळूणची बाजारपेठ बुडवली, तेव्हाही फोन लागत नव्हते. उलट बाजूही सांगितली पाहिजे: त्या पुरात कपाटांतील कागदपत्रांचा चिखल झाला, २००५ च्या पुरात एकदा पोळलेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातील पुस्तके पुन्हा भिजली, आणि ज्यांच्या दाखल्यांच्या प्रती डिजिलॉकरसारख्या ठिकाणी होत्या त्यांचे बरेच निभावले. तेव्हा नोंदी संगणकात असाव्यात हे निर्विवाद आहे. अर्ज करण्याचा एकमेव मार्ग संगणकातूनच जावा, हे मात्र दर पावसाळ्यात वीज जाणाऱ्या किनारपट्टीला परवडणारे नाही.

मग करायचे काय? कोणत्याही सेवेचा प्रयत्न फसला की त्याच क्षणी एक क्रमांक तयार व्हावा आणि तो लघुसंदेशाने किंवा दुकानातील छापील चिठ्ठीवर नागरिकाला मिळावा. त्यावर तारीख, वेळ, सेवेचे नाव, फसण्याचे कारण आणि पदनिर्देशित अधिकाऱ्याचे पद असावे. ही चिठ्ठी घेऊन माणूस संबंधित कार्यालयात गेला तर त्याचा कागदी अर्ज घेणे आणि तो संगणकात भरणे हे कार्यालयाचे काम ठरावे, आणि मुदत चिठ्ठीवरच्या तारखेपासून मोजावी. शिधावाटप दुकानदाराला दोन साक्षीदारांच्या सह्यांवर धान्य देण्याची मुभा असावी आणि त्याची वेगळी नोंदवही तहसीलदाराने तपासावी. यांत तंत्रज्ञानाच्या दृष्टीने अवघड काही नाही. यूपीआयवर पंचवीस रुपयांचा व्यवहार फसला तरी त्याचा संदर्भ क्रमांक मिळतो; पस्तीस किलो धान्याचा व्यवहार फसला तर तो का मिळू नये? शिवाय माहितीचा अधिकार अधिनियमाच्या कलम ४ प्रमाणे माहिती स्वतःहून जाहीर करणे कार्यालयांवर बंधनकारक आहेच. त्यात दरमहा किती प्रयत्न फसले आणि कोणत्या कारणाने, हा आकडा घालता येईल. तो लाजिरवाणा असेल, पण कोणत्या गावात मनोरा हवा आणि कोणत्या विभागाचे संकेतस्थळ नादुरुस्त आहे, हे त्यातूनच कळेल.

हे लवकर करण्याला आणखी एक कारण आहे. सिंधुदुर्ग जिल्हा प्रशासनाने २०२५ पासून कारभारात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर सुरू केला आहे आणि इतर जिल्हेही त्या वाटेने जातील. आज निदान ‘नाव जुळत नाही’ एवढे तरी पडद्यावर उमटते. पात्र-अपात्रतेचा अंदाज उद्या संगणकच बांधू लागला, तर नकाराचे कारण खुद्द अधिकाऱ्यालाही सांगता येईल याची खात्री नाही. तोपर्यंत नकार लेखी देण्याची शिस्त रुजलेली नसेल, तर नंतर ती आणणे फार कठीण जाईल.

त्यासाठी विधिमंडळात नवा कायदा येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. २०१५ च्या अधिनियमाच्या कलम ३ प्रमाणे आपल्या सेवा, त्यांची मुदत आणि जबाबदार अधिकारी अधिसूचित करण्याचा अधिकार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला आहे, आणि त्यात स्थानिक स्वराज्य संस्था येतात. जन्म-मृत्यूचे दाखले, मालमत्ता कराचा उतारा, नळजोडणी या सेवा नगरपरिषदेच्याच आहेत. ‘फसलेल्या ऑनलाइन प्रयत्नाची पोच देणे’ ही आणखी एक सेवा त्या यादीत घालायला सर्वसाधारण सभेचा एक ठराव आणि खिडकीवर एक कर्मचारी लागेल. कचरा व्यवस्थापनात वेंगुर्ल्यासारख्या लहान नगरपरिषदेने राज्याला धडा घालून दिला, तेव्हा तिनेही मंत्रालयाच्या आदेशाची वाट पाहिली नव्हती. रत्नागिरी, चिपळूण, मालवण किंवा सावंतवाडीच्या नगरसेवकांनी हा ठराव येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, आणि तो घेतला जात नसेल तर तो का घेतला नाही, हे नागरिकांनी त्यांच्याकडून लेखी मागावे.